इंच नकोत, टाके सांगा

क्रॉस स्टिचची किटं विकणाऱ्यांनी पाकिटावर नुसतं इंचातलं माप छापणं बंद करावं. झालं, मुद्दा संपला. ज्यांना भांडण ऐकायचंय त्यांनी पुढे वाचा :)

'साइझ १२ × १६ इंच' ही ओळ घ्या. जवळपास प्रत्येक पाकिटावर अशी एक ओळ असते. आता सांगा, हे माप कापडाचं की कापडावरच्या चित्राचं? चित्राचं असेल तर भोवती किती कापड सोडलंय? कापडाचं असेल तर चित्र केवढं होणार? आणि हेच चित्र मला माझ्याकडच्या कापडावर करायचं असेल तर किती कापड लागेल? या सगळ्याची उत्तरं एका जोडीत असतात: चित्र किती टाके रुंद आणि किती टाके उंच. नेमकी तीच जोडी पाकिटावर नसते. असलीच तर आतल्या कागदाच्या कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात, म्हणजे पैसे देऊन झाल्यावर.

सॉफ्टवेअरवाल्याने शनिवारी सकाळी भरतकामावरून भांडावं याचं ऑफिसात हसू होतं, ठाऊक आहे. मी स्वतः हे करतो म्हटल्यावर तर 'का रे, वहिनींनी कामाला लावलं का?' असं विचारतात. विचारू देत. इथे प्रश्न मोजमापाचा आहे आणि मोजमाप हे आपलंच खातं आहे.

ज्यांनी हा प्रकार कधी केला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रॉस स्टिच म्हणजे फुलीचा टाका. कापड असं विणलेलं असतं की त्यावर चौकोनी घरं दिसतात. एका घरात एक फुली. चित्र म्हणजे आलेखाच्या कागदावर रंगवलेली घरं, आपल्या भाषेत पिक्सेल. आपल्याकडे पूर्वापार हे काम मॅटीवर किंवा दोसुतीवर होतं. किटांमधून आणि ऑनलाइन मिळतं ते आयडा. आयडाला काउंट असतो, म्हणजे एका इंचात किती घरं ते. ११, १४, १६, १८ हे नेहमीचे. टाक्यांना काउंटने भागा, इंच मिळतात. १४० × १९६ टाक्यांचं चित्र १४ काउंटवर १० × १४ इंच होतं. तेच ११ काउंटवर साधारण पावणेतेरा × अठरा इंच, आणि १८ वर जेमतेम पावणेआठ × अकरा. चित्र तेच, टाके तेवढेच, पण ११ वर ते १४ च्या तुलनेत दीडपटीहून जास्त जागा खातं. लिननवर दोन-दोन धागे सोडून टाका घेतात, तिथे काउंट आधी निम्मा करायचा. २८ चं लिनन म्हणजे हिशेबाला १४. हे विसरलात तर कापड हव्या त्याच्या निम्म्या रुंदीचं आणि निम्म्या उंचीचं येईल.

म्हणजे चित्राला स्वतःचे इंच नसतातच! मोबाइलवरच्या फोटोचे इंच किती, असं कोणी विचारलं तर आपण त्याला वेड्यात काढू. फोटोला पिक्सेल असतात, इंच छापताना ठरतात. इथेही तसंच. टाके चित्राचे, काउंट कापडाचा, इंच दोघांच्या लग्नानंतरचे. आणि पाकिटावर छापतात काय, तर इंच.

आता दुसरा भाग, ज्याच्यावरून खरा राडा होतो. चित्राभोवती मोकळं कापड लागतं. शिवणकामात त्याला फार सुंदर शब्द आहे: माया. ब्लाउजच्या शिलाईत टेलर माया ठेवतो, म्हणजे पुढे उसवून सैल करता येतं. भरतकामातही माया लागते आणि तिची कारणं रोकडी आहेत. रिंग धरायला चित्राबाहेर कापड हवं, नाहीतर कोपऱ्यातले टाके ढिले पडतात. काम चालू असताना कडेचे धागे सुटत जातात. शेवटी फ्रेमवाला कापड पुठ्ठ्यावर ताणून मागे दुमडतो, त्याला दुमडायला काहीतरी पाहिजे. म्हणून फ्रेमसाठी प्रत्येक बाजूला तीन इंच धरायचे असा जुना आणि शहाणा रिवाज आहे. म्हणजे रुंदीत सहा मिळवा, उंचीत सहा मिळवा. १० × १४ च्या चित्राला १६ × २० चं कापड.

'मिळवा' हा शब्द नीट वाचा. बेरीज आहे, टक्के नाहीत. दुकानदार आणि किटवाले 'दहा टक्के जास्त धरा' म्हणतात ते साफ चूक आहे. फ्रेमवाल्याला मागे दुमडायला जेवढं लागतं तेवढंच लागतं, चित्र छोटं असो की मोठं. ५६ × ५६ टाक्यांचं चिमुकलं फूल घ्या. १४ वर ते ४ × ४ इंच होईल, सोळा चौरस इंच. त्याला कापड लागतं १० × १०, शंभर चौरस इंच! फुलाच्या सवापाच पट तर नुसती माया. दहा टक्क्यांनी इथे काय होणार, कपाळ? (आपल्या प्रोजेक्टांतही सगळ्या कामांवर सरसकट दहा टक्के बफर लावणारे महाभाग असतात. त्यांचं काय होतं ते आपण रात्री साडेअकराच्या कॉलवर बघतोच.)

माजिवड्यात राहणाऱ्याला हा माया आणि चित्राचा घोळ नवीन वाटायला नको. घोडबंदर रोडला फ्लॅट बघत फिरलेल्या प्रत्येकाने हा खेळ खेळलाय. ब्रोशरवर एक आकडा, प्रत्यक्षात पाय ठेवायला दुसरा. सुपर बिल्ट-अप, बिल्ट-अप, कार्पेट, त्यात लोडिंग. जिना, लिफ्ट, लॉबी सगळं तुमच्या आकड्यात. २०१६ चा रेरा कायदा आला, १ मे २०१७ पासून महारेराचं काम सुरू झालं, आणि बिल्डरला कार्पेट एरिया सांगणं भाग पडलं. म्हणजे आत खरोखर वापरायला मिळणारी जागा. त्यानंतरही बनवाबनवी संपली असं कोणी म्हणणार नाही, पण निदान कुठला आकडा विचारायचा हे लोकांना कळलं. क्रॉस स्टिचमध्ये कार्पेट म्हणजे टाके. लोडिंग म्हणजे माया. दोन्ही वेगवेगळे सांगा, एवढंच मागणं आहे. (जाता जाता: पोखरण रोडला जेकेग्राममध्ये रेमंडची गिरणी होती. तिथे कापड विणणं बंद होऊन दीड दशक झालं आणि आता टॉवर उभे राहिलेत. जिथे कापड मोजायचे तिथे कार्पेट मोजतात. असो.)

तुम्ही म्हणाल, दोन-चार इंचांवरून एवढं काय? आमच्या मजल्यावरच्या काकूंनी भाचीच्या रुखवतासाठी गणपती करायला घेतला. किट ऑनलाइन मागवलेलं, पाकिटावर 'साइझ १२ × १६ इंच'. आतलं कापड खरोखरच तेवढं निघालं, खोटं काही नव्हतं. चित्र होतं १५० × २०० टाक्यांचं, कापड १४ काउंट. म्हणजे चित्र १०.७ × १४.३ इंच. उरली माया? डावी-उजवीकडे प्रत्येकी साधारण पाऊण इंचाला थोडी कमी, वर-खाली पाऊण इंचाला थोडी जास्त. आता गंमत बघा, १०.७ ला दहा टक्के वाढवा, ११.८ येतात, म्हणजे १२. १४.३ ला वाढवा, १५.७, म्हणजे १६. मला तर दाट संशय आहे की किट बनवणाऱ्याने हाच हिशेब केला.

१५० गुणिले २०० म्हणजे तीस हजार घरं. पूर्ण भरायची होती, पार्श्वभूमीसकट. तासाला शंभर टाके धरा, म्हणजे तीनशे तास. रोज दोन तास बसलं तर पाच महिने. काकूंनी ते केलं. मग फ्रेमवाल्याकडे गेल्या आणि तो म्हणाला, "काकू, पाव इंच तर फ्रेमच्या आत जाणार. मागे दुमडायला काय ठेवलंय तुम्ही?" त्यांनी ठेवलं नव्हतं! त्यांना मिळालंच तेवढं होतं. विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर आलं, "डिझाइन पूर्ण बसलंय ना मॅडम?"

बसलंय हो. घरात पलंग पण बसतो, मग दार उघडत नाही.

काकूंनी शेवटी चारी बाजूंनी साध्या सुती कापडाच्या पट्ट्या जोडल्या, बारीक हातशिलाईने, आणि पट्टीवर ताण देऊन फ्रेम झाली. तुमच्यावर ही वेळ आली तर हाच उपाय आहे, लक्षात ठेवा. पण कोपऱ्यातले टाके रिंगेत नीट धरता न आल्याने थोडे ओढलेले दिसतात ते दिसतातच. पाच महिने ज्यांनी घातले त्यांना ते रोज दिसतात. लग्नाची तारीख काही कापडासाठी पुढे जात नाही, त्यामुळे परत करणं, बदलून घेणं वगैरे गप्पाच. आणि हे सगळं का? तर शंभर-दीडशे रुपयांचं जास्तीचं कापड वाचवायला, किंवा त्याहून वाईट म्हणजे, कोणी भागाकार करायचे कष्ट घेतले नाहीत म्हणून.

यावर एक ठरलेलं उत्तर असतं. 'आमच्या आजीने कधी भागाकार केला नाही, अंदाजाने घ्यायची, कधी कमी पडलं नाही.' मान्य. शंभर टक्के मान्य. पण तो अंदाज नव्हता! आजी वर्षानुवर्षं एकाच दुकानातून एकाच प्रकारची मॅटी आणायची. 'विताएवढं फूल, त्याला दोन विती कापड' हे तिचं कोष्टक त्या मॅटीवर बेतलेलं होतं. भाजक तिच्या बोटांत पाठ होता, म्हणून तिला लिहावा लागला नाही. आता कापड चीनमधून येतं, चार्ट युरोपातून, दोरा आणखी कुठून. भाजक दर वेळी बदलतो. आजीचा हात घेऊन आलेली पुढची पिढी त्याच विती लावते आणि फसते. याला अंदाज म्हणत नाहीत, अंदाजपंचे दाहोदरसे म्हणतात. ज्या लोकांनी साडीचं नावच तिच्या लांबीवरून पाडलं, नऊवारी, पाचवारी, म्हणजे इतके वार कापड, त्यांनी कापडाच्या मापाला 'असेल बापडं' म्हणावं हे मला खरंच बघवत नाही.

बरं, दुकानात जाऊन काउंट विचारावा तर वेगळीच करमणूक. एका कापडाच्या दुकानात मी "चौदा काउंट आहे का?" म्हणून विचारलं. मालक म्हणाले, "चौदाचं सूत? एवढं जाड काय करणार?" त्यांचं चुकलं नव्हतं. सुताच्या धंद्यात काउंट म्हणजे धाग्याची जाडी: एका पौंडात ८४० वारांच्या किती लड्या बसतात तो आकडा. आकडा मोठा तितकं सूत बारीक. भरतकामाचा काउंट म्हणजे इंचात घरं. शब्द एक, अर्थ दोन, आणि दोन्ही कापडाच्याच दुकानात. व्हेरिएबलला नाव देताना विचार करा म्हणून आपण पोरांना ओरडतो ते याचसाठी.

पण खरी लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. माजिवड्याहून कापूरबावडी, बाळकुम, काशेली करत जुन्या आग्रा रोडने निघालात की थोड्या वेळात भिवंडी येते. यंत्रमागांचं गाव. तिथे ग्रे कापडाचा सौदा होतो तेव्हा माल असा बोलला जातो: साठ बाय साठ, ब्याण्णव बाय अठ्ठ्याऐंशी. पहिली जोडी म्हणजे उभ्या आणि आडव्या सुताचा काउंट, दुसरी जोडी म्हणजे रीड आणि पीक, इंचात उभे धागे किती आणि आडवे किती. शिवाय पन्हा. हे पाच आकडे सांगितले की कापड न बघता माणसाला कळतं काय येणार आहे. आणि विश्वास नसेल तर खिशातून घडीचं छोटं भिंग काढायचं. त्याच्या पायाला बरोबर एक इंचाची चौकट असते. कापडावर ठेवायचं आणि धागे मोजायचे. मोजून बरोबर निघाले तर पुढे बोला.

म्हणजे ज्या तालुक्यात घाऊक कापड इंचामागे धाग्यांच्या हिशेबाने विकलं जातं, त्याच्या शेजारच्या शहरात भरतकामाच्या दुकानात मॅटीवर इंचात घरं किती हे कोणालाही सांगता येत नाही. विचारलं की "बारीक घेऊ की मोठी?" का बुवा? व्यापाऱ्याच्या सौद्यात आकडे आणि बाईच्या कामात बारीक-मोठी? माझं भांडण मुळात इथे आहे. जे काम घरात होतं, ज्याचे पैसे मिळत नाहीत, त्याला मोजमाप कशाला, असं आपण धरून चाललोय. शाळेत आपण हौदाला दोन नळ लावून तो किती वेळात भरेल हे काढलं. पलीकडच्या तासाला कार्यानुभवात मुली मॅटीवर फुलं भरत होत्या. तिथे जिवंत गुणोत्तर-प्रमाण हातात होतं आणि दोन तासांच्या मधली भिंत काही कोणाला पाडावीशी वाटली नाही.

दुकानदार सांगत नाही तर आपण मोजावं. भिंग नको, पट्टी पुरते. फक्त एका इंचात मोजू नका. एका इंचात साडेतेरा घरं असली तर डोळा चौदा म्हणून मोकळा होतो. चार इंचात मोजा: चौदाचं कापड असेल तर ५६ येतील, साडेतेराचं असेल तर ५४. आणि अर्ध्या घराने काय होतं? २०० टाक्यांवर जवळजवळ अर्ध्या इंचाचा फरक पडतो. आडवं मोजून झालं की उभं पण मोजा. स्थानिक मॅटीत ताणा आणि बाणा सारखे नसतात, हे अनेकदा होतं. समजा आडवी ११ आणि उभी १२ घरं आहेत. ६६ टाक्यांचा गोल चंद्र ६ इंच रुंद आणि साडेपाच इंच उंच होईल. चंद्राचं चालून जाईल, पण आईबाबांचा पन्नासाव्या वाढदिवसाचा फोटो भरायला घेतलात तर दोघं किंचित जाड झालेले बघून बोलणी तुम्ही खाल. कापड आडवं धरलं की तेच बारीक होतील. तेव्हा कुठली बाजू वर, हे मोजल्यावर ठरवा.

आणि मॅटी आधी धुवा. नव्या कापडाला कांजी असते, सुती कापड पाण्यात आटतं. आटलं की घरं जवळ येतात, काउंट वाढतो आणि कापड लहान होतं. न धुता मोजलेला आकडा हा उद्याचा आकडा नव्हे. आयडाला हा त्रास कमी, पण लाल दोरा वापरणार असाल तर त्याच्या रंगाची खात्री वेगळी करून घ्या.

कापड मीटरवर घेताना अजून एक गोष्ट, पन्हा. काकूंच्याच गणपतीचं उदाहरण घेऊ. तीन-तीन इंचांची माया धरून आणि थोडं वर सरकवून १७ × २०½ इंच कापड हवं. कापडाचा पन्हा ४४ इंच आहे असं समजा. साडेवीसची बाजू पन्ह्यात टाकली तर दोन तुकडे शेजारी बसतात, ४१ इंच, आणि लांबी लागते १७ इंच, म्हणजे ४३ सेंटीमीटरच्या आसपास. अर्धा मीटर घेतलंत, दोन गणपती झाले. आता १७ ची बाजू पन्ह्यात टाका. लांबी लागेल साडेवीस इंच, म्हणजे ५२ सेंटीमीटर. तोच अर्धा मीटर, आणि दोन सेंटीमीटरने एकही गणपती होत नाही! दुकानात उभं राहून 'अर्धा मीटर पुरेल ना भाऊ?' हा प्रश्न विचारायचा नसतो तो यासाठी. भाऊंना काय माहीत तुमचा गणपती कुठल्या बाजूने उभा आहे. आणि काठाजवळची घट्ट विणलेली पट्टी हिशेबात धरू नका, तिथे घरं सारखी नसतात.

एक जुनी शिकवण आहे, कापडाची चौघडी करून मध्य काढा आणि मध्यापासून सुरुवात करा. त्यामागचं कारण चांगलं आहे, चित्र मधोमध येतं. पण माप चुकलं असेल तर ते सगळ्यात शेवटी, कडेला पोचल्यावर कळतं. म्हणजे बग शोधायची जागा प्रॉडक्शन! मध्यापासून सुरू करा, जरूर करा, पण पहिला टाका घालायच्या आधी मध्यापासून चारी कडांपर्यंत घरं मोजा. काकूंच्या चित्रात मध्यापासून उजवीकडे ७५ टाके जातात. तीन इंच माया म्हणजे १४ च्या कापडावर ४२ घरं. हवीत ११७. किटमधल्या बारा इंची कापडावर मध्यापासून कडेपर्यंत होती ८४. पंचाहत्तर वजा केले की उरतात नऊ. नऊ घरं! पट्टी नको, भागाकार नको, दशांश चिन्ह नको. दर दहा घरांवर रंगीत धावदोरा घालत गेलं की दहा मिनिटांत उत्तर मिळतं आणि पुढे मोजायलाही तोच दोरा कामी येतो.

लक्षात आलं का? मायासुद्धा घरांत मोजली की इंच पूर्णपणे बाद होतात.

आणि हे काही मी शोधलेलं नाही. इरकल लुगडं दक्षिण महाराष्ट्रात घरोघरी होतं. त्यावर जी कसुती भरतात, धारवाड भागातली, ती सगळी धागे मोजून. आधी छापायचं नाही, गाठ मारायची नाही. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे तिचे चार टाके, त्यातला मेंथी म्हणजे आपली फुलीच. तिथे कापड कमी पडलं असं होत नाही, कारण कापड आधी समोर असतं आणि त्याचे धागे मोजून नक्षी बसवली जाते: एवढ्या रुंदीत किती गोपुरं येतील, मध्ये किती धागे सोडायचे. ते काम करणाऱ्या बायकांच्या हातात पट्टी नसायची. एककच धागा होता.

'एवढं कशाला, मोबाइलवर कॅल्क्युलेटर आहेत की.' आहेत. मी वापरून बघितले. त्यात टाके विचारतात, काउंट विचारतात आणि माया विचारतात. म्हणजे जे पाकिटावर नाही तेच विचारतात! भागाकार कोणालाही येतो हो, अडतं ते इनपुटला. शिवाय काही कॅल्क्युलेटरमध्ये मायेचा आकडा एकूण की एका बाजूचा हे लिहिलेलं नसतं. तुम्ही तीन घालता, तो दोन्ही बाजू मिळून तीन धरतो, आणि दीड-दीड इंचाचं कापड घेऊन तुम्ही घरी.

'मग सरळ एक मीटर घ्यावं, उरलं तर उरलं.' उरलं तर उरलंच, पण पुरेल याची खात्री कुठे आहे? ११ च्या मॅटीवर ४०० टाके उंच चित्र म्हणजे ३६.४ इंच, अधिक सहा, म्हणजे ४२.४. मीटर म्हणजे ३९.४ इंच. पन्ह्यात आडवं टाकलं तर निभावेल, नाहीतर तीन इंचाने बोंब. 'भरपूर' हा आकडा नाही. आणि आयात केलेला आयडा तुकड्यांत विकतात, तिथे एक मीटर हा पर्याय खिशाला झेपेलच असं नाही.

पाकिटावर काय छापायचं हे कायद्यानेही काही प्रमाणात ठरवलंय. २००९ च्या वैधमापन कायद्याखाली २०११ चे पाकीटबंद वस्तूंचे नियम आहेत, त्यानुसार किंमत, परिमाण, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता वगैरे द्यावं लागतं. त्यात टाके नाहीत आणि सरकारने ते घालावेत असं माझं म्हणणंही नाही. विकणाऱ्याला चार्ट बनवतानाच टाके माहीत असतात. त्याशिवाय चार्ट बनतच नाही! छापायला शाईचे चार थेंब जास्त लागतील.

मला पाकिटाच्या दर्शनी बाजूला एवढं हवंय: टाके १५० × २००. कापड आयडा, १४ काउंट. चित्र १०.७ × १४.३ इंच. कापड १६.७ × २०.३ इंच, माया प्रत्येक बाजूला ३ इंच. आणि मॅटी विकणाऱ्याने थानावर खडूने लिहावं, आडवी इतकी, उभी इतकी, चार इंचात. यापुढे ज्या पाकिटावर टाके नसतील ते मी घेणार नाही आणि दुकानात उभं राहून मोठ्याने का घेत नाही तेही सांगणार. तुम्हीही विचारा. 'बारीक की मोठी?' असं कोणी म्हणालं तर पिशवीतून पट्टी काढा.

दोऱ्याच्या लड्या किती लागतील, आठ मीटरच्या सहा पदरी लडीत किती टाके होतात, हा हिशेब जरा किचकट आहे, कारण त्यात हात किती सैल हाही मुद्दा येतो. तो पुढच्या शनिवारी.